हायब्रिड गाडीतलं पेट्रोल संपलं, आता म्हणतात बॅटरीच बदला

वैदर्भी
स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे नुसत्या बॅटरी-मोटरवरही थोडी चालणाऱ्या) गाडीतलं पेट्रोल पूर्ण संपलं तर तिची मोठी बॅटरी कायमची खराब होते का? इथे गाड्यांमधले जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारते.

माझा दादा आणि वहिनी नागपूरहून समृद्धीने नाशिकला निघाले होते. गाडी पेट्रोल हायब्रिड, लिथियम बॅटरीची, वॉरंटीतली. (कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव देत नाही, प्रकरण अजून चालू आहे.) मेहकर मागे पडल्यावर पेट्रोलचा दिवा लागला. स्क्रीनवर अजून बऱ्यापैकी किलोमीटर दिसत होते, त्यामुळे ते पुढे निघाले. सिंदखेडराजाच्या अलीकडे इंजिन बंद पडलं, पण गाडी बॅटरीवर चालत राहिली. स्क्रीनवर इशारे येत होते. इंटरचेंजचा चढ अर्धा झाला आणि गाडी थांबली. दादाने बंद करून पुन्हा सुरू करायचा प्रयत्न बऱ्याच वेळा केला. नंतर पेट्रोल मिळालं, टाकीत घातलं, तरी गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) होईना. जंप स्टार्ट केल्यावर डॅशबोर्डचे दिवे लागले, इंजिन नाही.

गाडी फ्लॅटबेडवरून (सपाट ट्रकवर चढवून) वर्कशॉपला नेली. ते म्हणतात, हायब्रिड बॅटरी गेली, बदलावी लागेल, आणि पेट्रोल संपवल्यामुळे झालंय म्हणून वॉरंटीत बसत नाही. खर्च लाखांत. दादाने अजून होकार दिलेला नाही. काय करावं?

रापचिक_रायडर
आधी हे सांगा, दोघं सुखरूप आहेत ना? त्या रस्त्यावर कडेला थांबणं फार धोक्याचं.

वैदर्भी
हो, दोघंही ठीक आहेत. गाडी रॅम्पवर थांबली हे नशीब. मुख्य रस्त्यावर थांबली असती तर काय, हा विचारही नको वाटतो.

तारायंत्र
वैदर्भीताई, दादांना सांगा होकार देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

बॅटरी ‘गेली’ आणि बॅटरी ‘उतरली’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं दुसऱ्या अवस्थेलाही तंतोतंत जुळतात.

आपल्याकडच्या बहुतेक स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत नेहमीचा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवून सुरू करायचं काम एक मोठी मोटर-जनरेटर करते आणि तिला वीज मिळते हाय व्होल्टेज बॅटरीतून. या बॅटरीला बाहेरून चार्ज करायला सॉकेट नाही. ती भरते एक तर इंजिन चालू असताना, नाही तर गाडी ब्रेक लावताना किंवा उतारावर असताना. म्हणजे इंजिन सुरू व्हायला बॅटरी हवी आणि बॅटरी भरायला इंजिन हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत.

पेट्रोल संपलं तेव्हा संगणकाने इंजिन सुरू करायचा प्रयत्न केला, इंजिनाकडून जोर आला नाही, त्याने बिघाडाचा कोड नोंदवला आणि गाडी बॅटरीवर ठेवली. त्यात चढ, त्यात एसी, वर पुन्हापुन्हा बटण. बटण दाबलं की दर वेळी मोटर ते थंड इंजिन फिरवते आणि उरलेली वीज त्यात जाते. शेवटी बॅटरी एका पातळीखाली आली की रिले (आतले मोठे स्विच) उघडतात आणि बॅटरी गाडीपासून तोडली जाते. हा बिघाड नव्हे, ते संरक्षण आहे. आता टाकी काठोकाठ भरली तरी इंजिन फिरवायला वीजच नाही.

जंप स्टार्टने १२ व्होल्टची छोटी बॅटरी जागी होते. तिच्यावर दिवे, कुलपं आणि संगणक चालतात. मोठ्या बॅटरीत तिच्यातून काही जात नाही.

सह्यकडा
तारायंत्र, समजावलंत छान, पण थोडा असहमत आहे. पेट्रोलशिवाय चालवू नका असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं ना? मग कंपनी म्हणणारच की सूचना पाळली नाही. माझ्या ओळखीत एकाची बॅटरी खरोखर बदलावी लागली होती.

तारायंत्र
सूचना असते, बरोबर. आणि ती पाळायला हवी, यात वाद नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. आधी बॅटरी चार्ज करून बघा, मग सेल मोजा, मग ठरवा गेली की नाही. इथे निकाल आधी आणि तपासणी नाहीच. तुमच्या ओळखीतली गाडी किती जुनी होती?

सह्यकडा
जुनी होती, बाहेरून आणलेली. सात-आठ वर्षांची असावी.

तारायंत्र
मग त्या बॅटरीतले काही सेल आधीच थकलेले असणार. पेट्रोल संपणं हे निमित्त.

न्यूजर्सीकर
इकडे प्रियस रस्त्यात पैशाला पासरी, त्यामुळे हा विषय परिचयाचा आहे. प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आली. इकडे जुन्या प्रियस अजून धावतात आणि ‘पेट्रोल संपलं, आता सुरू होत नाही’ हा प्रश्न मालकांच्या गप्पांत नेहमी येतो.

दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे १६८ सेल आहेत, सहा-सहाचे २८ मॉड्यूल, सगळे ओळीने जोडलेले, एकूण २०१.६ व्होल्ट. संगणक ही बॅटरी साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधे खेळवतो. पडद्यावर शेवटची कांडी उरली म्हणजे बॅटरी रिकामी झाली असं नाही, खाली राखीव साठा असतो. पेट्रोल संपल्यावर चालवत राहिलं की तो राखीव साठा जातो.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये यासाठी खास हाय व्होल्टेज चार्जर असतो, पण प्रत्येक ठिकाणी नसतो, मागवावा लागतो. बॅटरी थोडी भरून दिली, कोड पुसले, टाकीत पुरेसं पेट्रोल असलं, की बहुतेक गाड्या पुन्हा सुरू होतात. वैदर्भी, दादाला पहिला प्रश्न हाच विचारायला सांग: तुमच्याकडे हा चार्जर आहे का?

आणि पेट्रोल किती घातलं होतं? एखादा लिटर घातला तर काही गाड्यांना टाकीत पेट्रोल आल्याचं कळतच नाही. दहा लिटरच्या आसपास घालावं. गाडी चढावर तिरकी उभी असेल तर आणखी.

वैदर्भी
दोन बाटल्यांमधून आणलं होतं, म्हणजे फार नसणार. चार्जरचं विचारते.

गणिती
बॅटरीवर किती जाता येतं त्याचा हिशोब मांडतो, कारण लोकांना हे इलेक्ट्रिक गाडीसारखं वाटतं आणि तिथेच घोळ होतो.

आपल्याकडच्या मध्यम हायब्रिड एसयूव्हींमध्ये बॅटरी साधारण पाऊण युनिटची असते. ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये ०.७६ युनिट, १७७.६ व्होल्ट. होंडा सिटी हायब्रिडमध्येही ०.७ च्या वरच. घरातला गीझर तासभरही चालणार नाही एवढी वीज. त्यातली सगळी वापरायला मिळत नाही. समजा ०.३ युनिट मिळाली. सपाट रस्त्यावर अशी गाडी किलोमीटरला ०.१५ युनिटच्या आसपास घेते. झाले दोन किलोमीटर.

आता चढ. माणसं आणि सामान धरून गाडी १,५०० किलो. १०० मीटर उंची चढायला लागणारी ऊर्जा: १,५०० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे १४.७ लाख ज्यूल, म्हणजे ०.४ युनिट. शिवाय मोटरमधला, टायरमधला, हवेचा तोटा. म्हणजे कसारा सोडा, अशा परिस्थितीत त्याचं पहिलं वळणसुद्धा जड जाईल. इंटरचेंजचा रॅम्प पाच-सात मीटर उंच असेल, पण तोपर्यंत सपाटीवरच बरंच संपलं होतं.

घाटवाट
गीझरच्या हिशोबाने डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आजवर समजत होतो की हायब्रिड म्हणजे पेट्रोल संपलं तरी घरी पोचवणारी गाडी.

मोगरा_९
माझ्या अर्टिगाच्या मागेही हायब्रिड लिहिलंय. मलाही ही भीती आहे का?

तारायंत्र
नाही. ती माइल्ड हायब्रिड. तिच्यात मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटी चाकं ओढत नाही. पेट्रोल संपलं की गाडी थांबणार, पेट्रोल घातलं की पुन्हा सुरू होणार. मात्र टाकी कोरडी करणं कुठल्याही पेट्रोल गाडीला वाईटच. इंधनाचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं.

खवय्या_कोल्हापूर
अवांतर: या गाड्यांचं २७.९७ चं मायलेज वाचून लोक समृद्धीवर उतरतात. हायब्रिडचा खरा फायदा शहरात, सारखं थांबत-निघत जाताना. १२० च्या वेगाने सरळ जाताना इंजिनच चालू असतं, हवेचा रोध प्रचंड वाढतो, ब्रेकमधून परत मिळणारी वीज जवळपास शून्य. मायलेज धाडकन पडतं. त्यात आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी.

रापचिक_रायडर
+१. स्क्रीनवरचे ‘उरलेले किलोमीटर’ हा आधी कसे चालवत होतात त्यावरून काढलेला अंदाज असतो. नागपुरात आठवडाभर गावात फिरलेली गाडी शहरी मायलेज धरून आकडा दाखवते आणि हायवेवर तो भराभर खाली येतो. समृद्धीवर पंप एकमेकांपासून लांब आहेत. मी तर अर्धी टाकी झाली की दिसेल त्या पंपावर शिरतो.

माजी_सर्व्हिस_ॲडव्हायझर
थोडं वर्कशॉपच्या बाजूने बोलतो. मी काही वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलोय. सगळे लुबाडायला बसलेले नसतात. लहान शहरातल्या वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण झालेला एखादाच तंत्रज्ञ असतो. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायची मुभा इतरांना नसते आणि नसायलाच हवी. सर्व्हिस प्लग (बॅटरी तोडणारी खुंटी) काढून, इन्सुलेटेड हातमोजे घालून, कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबून मगच काम करायचं असतं. अशा ठिकाणी बॅटरीचा व्होल्टेज कमी दिसला की तपासणीच्या तक्त्याप्रमाणे पुढची ओळ ‘असेंब्ली बदला’ अशी येते आणि समोरचा माणूस तेच वाचून दाखवतो.

म्हणून भांडण्याऐवजी मागणी नेमकी करा. नोंदवलेल्या कोडची प्रिंट मागा. फ्रीझ फ्रेम डेटा मागा, म्हणजे कोड पडला त्या क्षणी चार्ज किती टक्के होता, वेग किती होता वगैरे. प्रत्येक सेल ब्लॉकचा (बॅटरीतल्या सेलच्या गटाचा) व्होल्टेज मागा. हे त्यांच्या स्कॅनरमध्ये दिसतं, त्यासाठी गाडी उघडावी लागत नाही. सगळे ब्लॉक सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरली आहे. एक-दोनच इतरांपेक्षा फार खाली असतील तर मात्र काळजीचं.

न्यूजर्सीकर
उत्तम प्रतिसाद! हेच हवं होतं. सारखेच खाली की एखादाच खाली, यावर सगळा निकाल आहे.

रसायनी
सह्यकडांच्या शंकेत तथ्य आहे, ते पूर्ण सोडून देऊ नका. खोलवर उतरल्याने बॅटरीचं खरंच नुकसान होऊ शकतं. दोन्ही प्रकारांत कारण वेगळं.

निकेलवाल्या बॅटरीत सेल ओळीने जोडलेले असतात. त्यातला सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात. मग त्या सेलची ध्रुवता उलटते, आत वायू तयार होतो, दाब वाढतो आणि तो सेल कायमचा जायबंदी होतो.

लिथियममध्ये व्होल्टेज फार खाली गेला की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमा होतं आणि आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका राहतो. म्हणूनच कुठल्याही गॅरेजवाल्याला ‘लावून बघ रे चार्जर’ म्हणू नका. चार्जिंग हळू, कमी प्रवाहाने आणि प्रत्येक ब्लॉकवर लक्ष ठेवूनच व्हायला हवं.

दिलासा एवढा की रिले त्या पातळीच्या बऱ्याच आधी उघडतात. खरा धोका पुढे आहे. उतरलेली बॅटरी तशीच महिना-दोन महिने पडून राहिली तर स्वतःहून आणखी उतरते आणि उरलीसुरली मर्यादा ओलांडते. वॉरंटीच्या वादात गाडी वर्कशॉपच्या आवारात उन्हात उभी राहणं हे सगळ्यात वाईट. वाद चालू द्या, पण चार्जिंग लवकर करून घ्या.

वैदर्भी
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. गाडी खरंच आवारात उभी आहे. आजच दादाला कळवते.

ॲड_सुगरण
कायद्याच्या अंगाने. तोंडी ‘वॉरंटीत बसत नाही’ याला किंमत देऊ नका. नकार लेखी मागा, वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली ते नमूद करायला सांगा. आपल्याकडे स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. ती तुमच्या पुस्तिकेत बघा, सोबत वगळलेल्या गोष्टींची यादीही वाचा.

जॉब कार्डवर दादांनी स्वतःच्या अक्षरात लिहावं: ‘बॅटरी बदलण्यास संमती नाही, आधी चार्जिंग व तपासणी करावी.’ जुनी बॅटरी काढलीच तर तिचा अनुक्रमांक नोंदवल्याशिवाय सोडू नका. कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, फोनवर थांबू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. तिथे तपासणीचे आकडे हाच तुमचा पुरावा, म्हणून वर माजी ॲडव्हायझर म्हणतात ती प्रिंट आत्ताच हातात घ्या.

घाटवाट
हायब्रिडवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर गियर ‘एन’ मध्ये टाकून एसी लावून बसायची सवय असते. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत ‘एन’ मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. घाटात दोन तास कोंडी झाली तर पेट्रोल असूनही बॅटरी उतरते. ‘पी’ मध्ये ठेवा किंवा ‘डी’ मध्ये ब्रेकवर.

मोगरा_९
आणि टोइंग? भावोजी म्हणतात दोरी बांधून ओढत नेता येते.

तारायंत्र
अजिबात नको. पुढची चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करते. नुकसान होतं, आगीचाही धोका. पुढची चाकं जमिनीवरून उचललेली हवीत, सर्वांत चांगलं फ्लॅटबेड. वैदर्भीच्या दादांनी हे अगदी योग्य केलं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.

खवय्या_कोल्हापूर
ई-२० ने माझ्या गाडीचं मायलेज किती पडलं ते लिहायचं राहिलंच...

रापचिक_रायडर
खवय्ये, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे तुटून पडू सगळे. 🙂 इथे आधी दादांची गाडी सुरू होऊ दे.

वैदर्भी
सगळ्यांना अपडेट देते, आणि मनापासून आभार.

दादाने तुमचे मुद्दे कागदावर उतरवून नेले. वर्कशॉपच्या मॅनेजरने आधी आढेवेढे घेतले, पण ब्लॉकचे व्होल्टेज लेखी मागितल्यावर स्कॅनर लावला. सगळे ब्लॉक खाली होते, पण एकमेकांच्या अगदी जवळ. कोडच्या यादीत इंधन संपल्याचा आणि इंजिन सुरू न झाल्याचा असे दोन्ही कोड होते, सेल खराब असल्याचा एकही नाही. त्यांच्याकडे चार्जर नव्हता. कंपनीला ईमेल गेल्यावर दुसऱ्या शहरातून चार्जर आणि तंत्रज्ञ आला. हळूहळू चार्ज केलं, टाकीत पेट्रोल भरलं, कोड पुसले आणि गाडी ‘रेडी’ झाली. इंजिन पहिल्याच प्रयत्नात लागलं. चार्जिंगचं आणि मजुरीचं बिल दादाने भरलं, ते बॅटरीच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. १२ व्होल्टची बॅटरी मात्र बदलावी लागली, जंप स्टार्टच्या खटपटीत ती बसली होती.

वहिनी म्हणाली, त्या गणिती दादांना सांग, गीझरचा हिशोब मी सोसायटीत सगळ्यांना ऐकवला.

सह्यकडा
अभिनंदन! तारायंत्र, तुमचं म्हणणं खरं ठरलं. आनंद झाला.

रसायनी
छान बातमी. दोन कामं अजून बाकी आहेत. महिनाभर वापरल्यावर त्याच स्कॅनरने ब्लॉकचे व्होल्टेज पुन्हा मोजून घ्या आणि आजच्या प्रिंटशी ताडून बघा. एखादा ब्लॉक मागे पडायला लागला असेल तर तेव्हाच दिसेल. आणि आजच्या तपासणीत ‘बॅटरी ठीक’ असा शेरा जॉब कार्डवर आहे का? नसेल तर गाडी घरी न्यायच्या आधी लिहून घ्या.

ॲड_सुगरण
शेऱ्याखाली तारीख, किलोमीटर आणि शिक्काही.

वैदर्भी
शेरा आहे, शिक्का नव्हता. दादा अजून तिथेच आहे, घेतोय.